सगळ्या अचीव्हमेंट काढायला किती तास? कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा

अचीव्हमेंट म्हणजे गेममधलं ठरावीक काम केल्यावर मिळणारा बिल्ला. प्लेस्टेशनवर त्यालाच ट्रॉफी म्हणतात आणि बाकीच्या सगळ्या मिळाल्या की शेवटी प्लॅटिनम ट्रॉफी मिळते. गेम घ्यायच्या आधीच प्लॅटिनमचा विचार करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो तासांचा. उत्तर देणाऱ्या साइट आहेत, पण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी मोजलं जातं ते वेगळंच.

हाउ लाँग टू बीट सगळ्यांत सोयीची. खेळाडू आपापले तास नोंदवतात आणि मुख्य कथा, कथा अधिक इतर कामं, कम्प्लिशनिस्ट (म्हणजे गेममधलं सगळं पूर्ण करणारे) असे वेगवेगळे आकडे मिळतात. नुसती सरासरीच नाही, तर मध्यक आणि घाईत व निवांत खेळणाऱ्यांचे वेळही दिसतात. कथेपुरता अंदाज हवा असेल तर मी दुसरीकडे बघतच नाही. अडचण येते ती कम्प्लिशनिस्टच्या रकान्यात.

हॉलो नाइटचंच बघा. या गेममध्ये 112 टक्के पूर्ण करता येतं आणि स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, त्याच्या 63 अचीव्हमेंट आहेत. कुणी 112 टक्क्यांवर थांबून वेळ भरतो, कुणी सगळ्या अचीव्हमेंट काढून. या दोन कामांत केवढा फरक! अचीव्हमेंटसाठी पाच तासांच्या आत गेम संपवावा लागतो. वीस तासांच्या आत 100 टक्के करावे लागतात. स्टील सोल मोडमध्येही 100 टक्के हवेत, आणि तिथे एकदा मेलात की सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गेली. पँथिऑन म्हणजे बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूंशी, ओळीने लढायचं आव्हान; शेवटच्या पँथिऑनमध्ये चाळीसहून जास्त बॉस सलग हरवायचे. मध्ये मेलात तर पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा हात बसलाय तो वीस तासांची अट आणि स्टील सोल एकाच फेरीत, म्हणजे गेम सुरुवातीपासून एकदाच खेळून, उरकतो. ज्याचा बसलेला नाही त्याचे किती तास जातील, ते कुठलीच सरासरी सांगू शकत नाही.

म्हणून प्लेस्टेशनवर खेळत असाल तर पीएसएन प्रोफाइल्सवरची ट्रॉफी गाइड आधी वाचा. अवघडपणा दहापैकी किती, अंदाजे तास किती, किती फेऱ्या लागतील, कुठल्या ट्रॉफी हुकल्या तर परत मिळत नाहीत, हे सगळं तिथे असतं. मला तासांपेक्षा फेऱ्यांचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. चाळीस तासांची दुसरी फेरी घ्यायची की नाही, ते त्यावरूनच ठरतं. तिथल्या सर्वांत जलद खेळाडूंच्या यादीवर मात्र विसंबू नका. तो वेळ पहिल्या ट्रॉफीपासून प्लॅटिनमपर्यंतचा असतो. जुन्या आवृत्तीची सेव्ह नव्या आवृत्तीत आणली की काही गेममध्ये ट्रॉफी धडाधड मिळतात, म्हणून तो वेळ फसवा ठरतो.

एक्सबॉक्सवाल्यांसाठी ट्रू अचीव्हमेंट्स. गेम पूर्ण केलेले लोकच तिथे वेळेचा टप्पा निवडतात, त्यामुळे सगळ्या अचीव्हमेंट हाच अर्थ पक्का असतो. पण अर्ध्यात सोडून दिलेल्यांचे तास त्यात येत नाहीत, म्हणून तुम्ही नवखे असाल तर वरचा टप्पा धरा. तिथला रेशो, म्हणजे अचीव्हमेंटचे मूळ गुण तिथे किती पट होतात तो आकडा, वेळेचा समजू नका. तो दुर्मिळतेवरून काढतात: 10,000 खेळाडूंपैकी 100 जणांना मिळालेली 10 गुणांची अचीव्हमेंट तिथे 100 गुणांची होते.

अचीव्हमेंट किती टक्के खेळाडूंना मिळाली ते स्टीमवर दिसतं; ती टक्केवारीही दुर्मिळताच सांगते. तिचा खरा उपयोग लोक गळतात कुठे ते शोधायला. कथेच्या शेवटची अचीव्हमेंट बऱ्यापैकी लोकांकडे आणि एकच दुसरी जेमतेम कुणाकडे, असं दिसलं की तिचं वर्णन नीट वाचायचं. द स्टॅनली पॅरेबलमध्ये एक अचीव्हमेंट पाच वर्षं गेम न उघडल्याबद्दल मिळते! खेळण्याचे तास शून्य, कॅलेंडरवरची वर्षं पाच.

आठवड्याला पाच-सहा तासच मिळत असतील तर माझं मत सरळ आहे: कथेचा वेळ हाउ लाँग टू बीटवरून घ्या, बाकीचं गाइडवरून ठरवा आणि गाइडचा अंदाज एवढ्या ते एवढ्या असा असेल तर मोठा आकडा धरा. ऑनलाइन ट्रॉफी असल्या तर त्यांची चौकशी पैसे भरायच्या आधी करा. रेड डेड रिडेम्प्शन 2 ची कथा कितीही मन लावून खेळलात, तरी ऑनलाइनमध्ये रँक 50 गाठल्याशिवाय प्लॅटिनम मिळत नाही.