पी०३०२ आला : स्वतः तपासावं, ओळखीच्या मेस्त्रीकडे जावं, की सर्व्हिस सेंटरला?

दहा-बारा वर्षं वापरलेल्या पेट्रोल गाडीत एक दिवस चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. सिग्नलला गाडी थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही (मिसफायर). स्कॅनर लावला की पी०३०० ते पी०३०४ यांतला एखादा कोड दिसतो, आणि पुढे काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत.

दिवा स्थिर असेल तर विचार करायला वेळ आहे. लुकलुकत असेल तर अजिबात नाही. गाडी कडेला घ्या आणि टोइंग बोलवा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी तापून वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. कॉइलचे (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या पार्टचे) पैसे वाचवायला जाऊन कन्व्हर्टर घालवलेले लोक मी पाहिलेत.

कोड नेमकं काय सांगतो? क्रँकशाफ्ट सेन्सरवरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, क्रँकचा (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचा) वेग सतत मोजत असतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला वेग किंचित मंदावतो, त्याचा नंबर कोडच्या शेवटी येतो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरला बांधलेलं नाही. जागा कळली, कारण नाही. प्लग, कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), यांतलं काहीही असू शकतं. म्हणून तिन्ही वाटांची तुलना मी एकाच मापाने करतो : पार्ट बदलण्याआधी तपासणी किती होते?

स्वतः. हजार रुपयांच्या आत ईएलएम३२७ जातीचं ब्लूटूथ डोंगल मिळतं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये लावायचं आणि मोबाइलवर वाचायचं. कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड पडला तेव्हाचा आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान त्यात असतं. कोड उडवला की तेही जातं. मग अदलाबदल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड उडवायचा, गाडी फिरवून आणायची. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर तीच अदलाबदल प्लगची. वीस मिनिटांचं काम, नवा पार्ट एकही नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तरच हे जमतं. काही जुन्या इंजिनांत एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला करंट देते. तिथे मिसिंग जोडीत दिसलं तर आधी त्या कॉइलवर संशय घ्या.

या वाटेची मर्यादा मला माझ्याच गाडीने दाखवली. पावसाळ्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी मिसिंग मारू लागली, कोड पी०३०२. एका गॅरेजने त्याच दिवशी कॉइल बदलून दिली. गाडी छान चालली आणि पंधरा दिवसांनी तोच कोड परत. या वेळी पार्किंगमध्ये मी स्वतः अदलाबदल केली, कोड तिसऱ्यावर गेला. म्हणजे नवी कॉइलही गेली होती. पण ती उपसताना खालचं रबरी बूट हाताला बुळबुळीत लागलं होतं. टॉर्च मारला तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, बोटभर इंजिन ऑइल. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगभोवतीचे सील कडक होऊन गळत होते, तेलाने बूट फुगलं होतं आणि स्पार्क प्लगऐवजी बाजूच्या धातूकडे पळत होता. कॉइल गेली हे अदलाबदलीने कळलं, का गेली हे डोळ्यांनी. विहिरीत डोकावल्याशिवाय कॉइल बदलू देऊ नका.

ओळखीचा मेस्त्री. कोड पी०३०० असेल किंवा अदलाबदलीतून काही निघालं नाही, तर माझं मत सरळ याच्याकडे जाण्याचं. मात्र फोनवर आधी विचारा, ‘कॉम्प्रेशन गेज आहे का?’ नसेल तर दुसरा शोधा. चांगला मेस्त्री इनटेकची फाटलेली व्हॅक्यूम नळी आवाजावरून ओळखतो, प्लगच्या टोकाचा रंग बघून बोलतो. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन साधारण १५० ते २०० पीएसआय असतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टन रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर गॅस्केटवर पहिला संशय. धोका एकच. ‘चारही प्लग, चारही कॉइल टाकू, बघू’ असं ऐकू आलं तर त्या ‘बघू’चे पैसे तुम्ही भरणार आहात.

सीएनजीवाल्यांनी या दोन्ही वाटांच्या आधी एक फुकटची चाचणी करावी. गाडी पेट्रोलवर टाका. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेली कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. पेट्रोलवर मिसिंग बंद झालं तर प्लग, कॉइल आणि गॅस किट आधी तपासा. दोन्हींवर सारखंच असेल तर कॉम्प्रेशन मोजा, कारण गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात.

सर्व्हिस सेंटर. वायरिंग किंवा ईसीयूचा संशय असेल, किंवा तुमच्या मॉडेलचा पार्ट बाजारात धड मिळत नसेल, तर इथे जावं. कंपनीचा स्कॅनर सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दाखवतो, स्वस्त डोंगलवर ती बरेचदा दिसत नाही. पण जुन्या गाडीला इथे सहसा पूर्ण असेंब्ली बदलण्याचा सल्ला मिळतो. जॉब कार्डवर ‘फक्त तपासणी, विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये’ असं लिहून घ्या आणि काढलेला पार्ट परत मागा. त्याच पार्टवर, तेल आहे की काजळी, ते दिसतं.