पेंधरची मेट्रो की पनवेलची लोकल?

मे महिन्यात गुहागरला गेलो, तर भाच्याने ओटीवरच गाठलं. त्याला नवी मुंबईत बेलापूरला, कोकण भवनाजवळ नोकरी लागली आहे. खोल्या दोन बघून ठेवल्यात. एक तळोज्याला, पेंधर मेट्रो स्टेशनला लागून; नवी इमारत, लिफ्ट, चोवीस तास पाणी. दुसरी पनवेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर; तीनमजली जुनी इमारत, जिना अंधारा. भाडं जवळपास सारखंच. "मामा, तू खारघरला राहतोस, तूच सांग."

ऑफिसला जाण्यापुरतं बघायचं तर मेट्रोच. २०११ साली भूमिपूजन झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला, त्यामुळे आम्ही खारघरकरांनी बारा वर्षं नुसते खांबच बघितले. पण आता बेलापूर ते पेंधर हे ११ किलोमीटर, ११ स्टेशनं अर्ध्या तासाच्या आत होतात. तीन डब्यांची गाडी, एसी, आणि ट्रॅक वरून असल्यामुळे जुलैत खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी असलं तरी वर काही फरक पडत नाही. इस्त्रीचा शर्ट इस्त्रीचाच राहतो.

पनवेल ते बेलापूर लोकलने वीसेक मिनिटं. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, की आलंच. पनवेलहून गाडी सुटते म्हणून सकाळी बसायला मिळतं, निदान तिघांच्या बाकावरची चौथी सीट तरी. संध्याकाळी मात्र मुंबईहून भरून आलेल्या गाडीत चढायचं, आणि तिकडे कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी आलं की इकडे पनवेलला कडक ऊन असूनही गाडी नाही. रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक वेगळाच.

पैशांत लोकलच्या जवळ कोणी जाऊ शकत नाही. मेट्रोने २०२४च्या सप्टेंबरात भाडं कमी केलं. पूर्वी टोकापासून टोकापर्यंत ४० रुपये पडायचे, ते ३० झाले. म्हणजे रोजचे ६०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५००. लोकलचं साधं तिकीट १० रुपये. रोज खिडकीवर काढलं तरी ५००, आणि पास काढला तर त्याहून बरंच कमी. पहिल्या पगारावर हा फरक जाणवतो. शिवाय नोकरी काय, बदलते. उद्या वाशी, कुर्ला किंवा ठाण्याला लागली तर पनवेलहून थेट लोकल आहे. पेंधरवाल्याला आधी बेलापूरपर्यंत मेट्रो, मग पुढची गाडी, म्हणजे दोन तिकिटं आली. उलट ऑफिस मेट्रोच्याच वाटेवर, खारघरच्या उत्सव चौक किंवा सेंट्रल पार्ककडे असतं, तर पनवेलचं नावही काढू नको म्हटलं असतं.

आता कोकणातल्या माणसाचा खरा प्रश्न. गंमत बघा, कोकण रेल्वेचं मुख्यालय बेलापुरात, पण गाडी धरायची ती पनवेलला. कोकणकन्या एक्सप्रेस तिथे येते रात्री बारा वाजून गेल्यावर. परतताना उतरवते ती भल्या पहाटे. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि शेवटची सुटते रात्री दहाला. म्हणजे पेंधरला राहणाऱ्याने गणपतीला निघताना फलाटावर तास-दीड तास डास मारत बसायचं, आणि येताना पहाटेच्या अंधारात रिक्षावाला म्हणेल ते द्यायचे. पनवेलवाला जेवून, भांडी घासून, सावकाश घराबाहेर पडतो.

सामानाचंही आहेच. मेट्रोत प्रत्येक पिशवी मशीनमधून जाते. मागच्या वर्षी माझ्या पिशवीत कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या होत्या; सिक्युरिटीवाल्याने एक बाटली उजेडात धरून हलवली, झाकण उघडून वास घेतला, आणि डोळे मिचकावत परत दिली. त्याने काम चोख केलं, पण मागे रांग लागली होती. ताई आतून हे ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "आणि तांदळाची गोणी रे?" गोणी, फणस, नारळाचं पोतं हे सगळं घेऊन लोकलच्या मालडब्यात कोणी वळूनही बघत नाही.

माझं मत पनवेलला पडलं, अंधाऱ्या जिन्यासकट. पण भाच्याला रात्री दहानंतर कुठे जायचं नसेल आणि गावी वर्षातून दोनदाच यायचं असेल, तर त्याने खुशाल पेंधर घ्यावं. तसं ताईसमोर बोललो नाही. एक मात्र त्याला बजावलं. एजंट खोली दुपारी तीनला दाखवतो, तेव्हा रस्ते रिकामे असतात आणि रिक्षा दारात उभी असते. टोकन द्यायच्या आधी दोन्हीकडे एकदा सोमवारी सकाळी आठला जा, आणि एकदा रात्री साडेदहाला.