मोटरसायकलसाठी इअरप्लग: फोमचे, फिल्टरचे की कानाच्या मापाचे?

हेल्मेट काढल्यावर समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटावं, कानांना दडे बसावेत आणि रात्री उशीला डोकं टेकलं की कानात बारीक शीळ चालू राहावी, हा लांबच्या प्रवासाचा भागच आहे असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. सकाळपर्यंत ते उतरायचं. उतरतंय म्हणजे काही बिघडलेलं नाही, हा माझा समज चुकीचा होता. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने दमतात तेव्हा ऐकणं तात्पुरतं मंदावतं, पण त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुतेक वेळा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतं. त्यामुळे बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज आधी निसटतात. बराच काळ आपल्याला ते कळत नाही, समोरचाच पुटपुटतोय असं वाटत राहतं.

इअरप्लग वापरायचे हे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो, कोणते? मी तिन्ही प्रकार वापरलेत, आणि माझ्या मते पाकिटावरच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: तुमच्या कानात तो प्लग फट न ठेवता बसतो का, आणि प्रत्येक वेळी निघताना तुम्ही तो खरोखर घालता का.

आवाज किती, आणि अडवायचा किती

लोक दोष इंजिनाला किंवा सायलेन्सरला देतात. पण ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत सर्वांत मोठा आवाज वाऱ्याचा असतो. हवा हनुवटीखालून आणि मानेपाशी घुसळत जाते, आणि हेल्मेटच्या आत तिचा खर्जातला घोंघाट होतो. ताशी ६० च्या आसपास तो साधारण ९० डेसिबल असतो, १०० च्या पुढेमागे १०० डेसिबलच्या घरात जातो, आणि १६० ला ११० पर्यंत. हेल्मेट, उंची, बसण्याची ढब यांनुसार हे आकडे खालीवर होतात. पुढची काच नेमकी हेल्मेटवरच वारा फेकत असेल, तर काच नसलेल्या गाडीपेक्षाही जास्त आवाज होऊ शकतो. चांगलं हेल्मेट आणि हनुवटीखालचा पडदा यांनी थोडा फरक पडतो, पण खर्जातला आवाज हेल्मेटचं कवच अडवत नाही.

अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी मर्यादा सांगते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. हायवेवर चहाच्या पहिल्या थांब्याआधीच दिवसाचा कोटा संपलेला असतो.

आता हेच गणित उलट करा. १०० मधून खरोखरचे १५ डेसिबल अडले की कानापर्यंत ८५ पोहोचतात आणि तुमचे १५ मिनिटांचे ८ तास होतात. म्हणजे कान ठार बंद करण्याची गरज नाही. खरे १५ ते २० डेसिबल पुरतात, फक्त ते ‘खरे’ असले पाहिजेत.

पाकिटावरचे दोन आकडे

प्लग किती डेसिबल अडवतो हे सांगणारा आकडा अमेरिकी पद्धतीच्या पाकिटावर एनआरआर नावाने असतो, युरोपीय पद्धतीच्या पाकिटावर एसएनआर नावाने. एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नका. थ्रीएम ११०० या साध्या फोम प्लगचा एनआरआर २९ आहे आणि एसएनआर ३७. हॉवर्ड लाइट मॅक्स या दुसऱ्या फोम प्लगचा एनआरआर ३३ आणि एसएनआर ३७. एका मोजमापाने दुसरा चार डेसिबलने पुढे, दुसऱ्या मोजमापाने दोघे बरोबरीत. चाचणीची पद्धत वेगळी, म्हणून आकडा वेगळा.

शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे प्लग नीट घातलेला असतो. आपण पहाटे, अर्धवट झोपेत, एका हातात किल्ली धरून घालतो. नायॉशने १९९८ मध्ये दिलेला सल्ला असा होता की फोमच्या एनआरआरमधून निम्मा आणि इतर तयार प्लगच्या एनआरआरमधून ७० टक्के वजा करून हिशेब धरावा. हा अंदाज मुद्दाम सावध ठेवलेला आहे, तुम्ही नीट घातलात तर तुम्हाला जास्तच मिळेल. पण ३३ आणि २९ मधला फरक किती किरकोळ आहे, हे यावरून लक्षात यावं.

आणखी एक हिशेब मला सगळ्यांत जास्त पटला. ३० डेसिबल अडवणारा प्लग निम्म्या प्रवासात खिशात राहिला, तर दिवसभराची बचत जेमतेम ३ डेसिबल उरते. उघड्या कानाच्या त्या निम्म्या वेळात जेवढा आवाज आत गेला, तो पुढे कितीही चांगला प्लग घातला तरी भरून निघत नाही. म्हणूनच जो प्लग त्रास देतो म्हणून घातला जात नाही, त्याचा आकडा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

फोमचे प्लग

खर्जातला वारा अडवण्यात नीट बसलेल्या फोमची बरोबरी तयार प्लगपैकी कुठलाच करत नाही. अट एकच, तो खोल गेला पाहिजे. बहुतेकांच्या कानात तो अर्धाच असतो.

पद्धत अशी. हात धुवा. प्लग दोन बोटांत हळूहळू वळत काडीसारखा बारीक करा. वळताना त्यावर घडी किंवा सुरकुती पडली तर सोडून द्या, फुगू द्या आणि पुन्हा वळा. फुगल्यावर त्या सुरकुतीची बारीक नाली राहते आणि खर्जाचा आवाज नेमका तिथूनच शिरतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती सरळ होते. मग प्लग आत सरकवा आणि टोकावर बोट ठेवून ३० ते ४० सेकंद थांबा. फोम फुगत जातो तसा बाहेरचा आवाज बुडत गेलेला ऐकू येतो, आणि स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही कानांवर ओंजळ दाबून पाहा. दाबल्यावर आवाज बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही.

हे सगळं करायला दोन मिनिटं जातात, आणि प्रत्येक थांब्यावर काढले की पुन्हा तेवढीच. फोमची खरी अडचण ही आहे. दुसरी अडचण मापाची. माझ्या कानाची नळी अरुंद आहे. नेहमीच्या मापाचे प्लग तासाभरात आतून दुखू लागायचे, म्हणून मी नकळत ते अर्धेच घालत होते आणि वर तक्रार करत होते की फोम चालत नाही. लहान मापाचे घेतल्यावर ते हेल्मेटखाली चार-चार तास जाणवेनासे झाले. पाकिटावर माप लिहिलेलं नसेल तर तीन-चार प्रकार थोडे थोडे घेऊन बघा. डावा आणि उजवा कान एकाच मापाचा असेल असंही नाही.

दोरी जोडलेले प्लग हेल्मेटखाली नकोत. दोरी अस्तराला घासली की तो आवाज सरळ कानात जातो. आणि फोम धुऊन पुन्हा वापरण्याच्या भरीस पडू नका. तो कडक होतो, पूर्ण फुगत नाही.

फिल्टरचे, पुन्हा वापरायचे प्लग

मऊ रबरासारख्या पदार्थाच्या एक ते तीन कडा, मधे बारीक छिद्र आणि त्यात फिल्टर, अशी यांची रचना असते. फोम उंच पट्टीतला आवाज जास्त कापतो, म्हणून बोलणं दबलेलं ऐकू येतं. चांगला फिल्टर सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच उतरवतो. पेट्रोल भरताना समोरच्याचं बोलणं कळतं, इंजिनाची खडखड ओळखू येते. घालायला दहा सेकंद पुरतात, आणि दिवसातून आठ वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसासाठी हा फार मोठा गुण आहे.

फोमशी समोरासमोर ठेवलं तर हे दोन ठिकाणी कमी पडतात. एक, खर्ज अडवण्यात. नळी गोल नसते, पण कडा गोल असतात, त्यामुळे फट राहण्याची शक्यता जास्त. दोन, हेल्मेटशी यांचं जुळत नाही. कित्येकांचं टोक कानाबाहेर येतं. हेल्मेट ओढून घालताना अस्तर कानावरून घासत जातं आणि प्लग तिरका होतो. दहा मिनिटांनी एका बाजूने वारा घोंघावू लागतो, आणि हातमोजे घातलेल्या बोटांनी तिथवर पोहोचता येत नाही. विकत घेताना टोक कानाच्या खोलगट भागाच्या आत राहतं का ते आरशात बघा. हेल्मेटचे दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून ते घातलंत तर प्लग हलत नाहीत.

शहरातल्या रोजच्या प्रवासाला, ताशी ५०-७० च्या वेगाला मी हेच सुचवेन. संगीताच्या कार्यक्रमांसाठी बनवलेले फिल्टर प्लग मात्र वाऱ्यासाठी कमी पडू शकतात. त्यांचा एसएनआर बघूनच ठरवा.

कानाच्या मापाचे

श्रवणतज्ज्ञ आधी कान तपासतात, मळ असेल तर काढायला सांगतात, पडद्याच्या अलीकडे दोरा बांधलेला छोटा बोळा ठेवतात आणि मग मऊ लगदा भरून साचा घेतात. साचा घेताना तोंड थोडं उघडं राहू द्या, जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. साचा नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेला पाहिजे. तिथे आखूड पडला तर महागड्या प्लगमधूनसुद्धा आवाज आत गळतो. त्या साच्यावरून सिलिकॉनचे किंवा ॲक्रिलिकचे प्लग बनवतात, पूर्ण बंद किंवा फिल्टरसह. लाल उजव्या कानाचा, निळा डाव्याचा असा संकेत आहे.

हेल्मेटखाली याहून आरामाचं काही नाही. कानाच्या खोलग्यात सपाट बसतात, अस्तराला लागत नाहीत आणि दर वेळी एकसारखे बसतात. मी लांबच्या प्रवासाला आता हेच वापरते. तरी प्रामाणिकपणे सांगते, नीट घातलेल्या फोमपेक्षा हे जास्त आवाज अडवतात असं नाही. पैसे मोजायचे ते आरामासाठी आणि खात्रीने घातले जाण्यासाठी. वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा काही वर्षं लोटली की कानाचा आकार बदलतो आणि नवा साचा घ्यावा लागतो. घरच्या घरी दोन लगदे मिसळून बनवायचे संच मिळतात. ते कानाच्या बाहेरच्या भागात छान बसतात, पण नळीत फारसे खोल जात नाहीत, आणि स्वतःच्या हाताने खोल घालायचा प्रयत्न करणं धोक्याचं आहे.

मेणाचे किंवा सिलिकॉनचे थापायचे गोळे झोपेसाठी ठीक, हेल्मेटच्या घासण्याने ते निघतात. कापसाचा बोळा वाऱ्यापुढे टिकत नाही. आवाज गाळणारे ब्लूटूथ इअरफोन हा अनेकांचा आवडता पर्याय आहे, पण श्रवणसंरक्षक म्हणून त्यांची प्रमाणित चाचणी झालेली नसेल तर त्यांच्यावर कानांचा भार टाकू नका. वाऱ्यावर मात करायला आपण गाण्याचा आवाज वाढवत जातो आणि एक घोंघाट टाळायला दुसरा ओढवून घेतो. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर बोलायचं असेल तर फिल्टरचे प्लग घालून स्पीकरचा आवाज थोडा वाढवा. वारा दबल्याने बोलणं उलट स्वच्छ कळतं.

हॉर्न ऐकू येईल ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, त्यामुळे दोघांमधलं अंतर साधारण तेवढंच राहतं. वेगात असताना मला सायरन प्लग घालून जास्त नीट ओळखू येतो. अपवाद आहे तो ज्यांचं ऐकणं आधीच कमी झालंय त्यांचा. त्यांच्यासाठी जाड फोममुळे उंच पट्टीतले आवाज ऐकण्याच्या सीमेखाली जाऊ शकतात. अशांनी आधी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि फिल्टरचे, सौम्य प्लग निवडावेत. दोन्ही कान झाकण्याबद्दल काही ठिकाणी वाहतुकीचे नियम आहेत, तेही आपल्या भागापुरते पाहून घ्या.

कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच प्लग नको. वारंवार मळ साचत असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो, अधूनमधून तपासून घ्या.

मी कुणाला काय सांगेन

पहिल्यांदाच घेत असाल तर फोमच्या दोन-तीन मापांनी सुरुवात करा. निवड चुकली तरी नुकसान थोडं, आणि ‘नीट बसलेला प्लग’ म्हणजे काय हे कानाला कळतं. पुढचा कुठलाही प्लग त्याच्याशी ताडता येतो. महिन्यातून चार-पाच लांबचे प्रवास होत असतील आणि फोमने कान दुखत असेल, तर थेट मापाचे करून घ्या, मधे फिल्टरच्या तीन-चार जोड्यांवर खर्च करत बसू नका. रोज थोडं अंतर आणि सतत चढ-उतार असेल तर फिल्टरचे घ्या, आणि हायवेच्या दिवसासाठी फोमची एक जोडी जवळ असू द्या.

काढताना प्लग झटक्यात ओढू नका. घट्ट बसलेला प्लग ओढला की आत पोकळी होऊन पडद्यावर ताण येतो, म्हणून हळूहळू फिरवत, हवा आत येऊ देत काढा. मी जॅकेटच्या डाव्या खिशात छोट्या डबीत फोमची एक जादा जोडी ठेवते. पेट्रोल पंपावर चिखलात पडलेला प्लग पुसून कानात घालायची वेळ येत नाही.