स्पेसर (दम्याच्या पंपाले लावाचा डबा) घेतला, एक सीझन वापरला, चार स्टार

सोयाबीनची गंजी थ्रेशरले लागली की आपलं नाक सुरू, अन् रात्री बारा वाजता छातीत शिट्ट्या, हे दरवर्षीचंच. कुटाराची धूळ. मेडिकलमधून सेट्रिझिन आणाचो, शिंका थांबाच्या पण दम काही जात नव्हता, मले वाटे गोळीच डुप्लिकेट आहे.

यंदा तालुक्याच्या डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं. ॲलर्जीवाल्याच्या मास्ट पेशींवर (नाकात, श्वासनळीत बसलेल्या ॲलर्जीच्या पेशी) आयजीई नावाचं ॲलर्जीचं प्रतिपिंड चिकटून बसलेलं असते, धूळ त्याले लागली की पेशी आतला माल बाहेर फेकते. पहिले हिस्टामाइन, तो तयारच असते, त्यानं शिंका अन् खाज. मागून तीच पेशी ल्युकोट्राइन बनवते, अन् श्वासनळी आवळाच्या कामात ते हिस्टामाइनपेक्षा हजारपटीपर्यंत भारी. सेट्रिझिन अडवते फक्त हिस्टामाइनले, मंग दम कसा जाईन? वरून चार-आठ तासांनी रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन नळी सुजवतात, म्हणून वावरात ठीक अन् रात्री उठून बसाचं. सोयाबीनची धूळ साधी नाही म्हणे, 1980 च्या दशकात बार्सिलोना बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवताना धूळ उडाली तर शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या!

ल्युकोट्राइन अडवणारी मॉन्टेलुकास्ट पण दिली होती, पण झोपेत भलतेच सपनं पडाले लागले, डॉक्टरनं लगेच बंद केली (2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, याच गोष्टीचा ठळक इशारा त्या गोळीवर टाकाले लावला).

मंग आला पंप अन् हा स्पेसर, साडेतीनशेचा प्लास्टिकचा डबा. आधी नुसताच पंप तोंडात मारत होतो, अर्ध्याच्या वर औषध घशातच बसे. आता पंप हलवाचा, डब्यात एकदा दाबाचा, सावकाश ओढाचं, दहा सेकंद दम रोखाचा, अन् मंग चूळ भराची, नाहीतर तोंड येते. पंप दोन आहेत: बुडेसोनाइडवाला रोज दोनदा, तो सूज उतरवते पण लगेच काही जाणवत नाही, मी तर चौथ्या दिवशी सोडणारच होतो. साल्ब्युटामोलवाला वेगळा, दम लागला तरच, पाच मिनिटांत नळी मोकळी. पंधरा दिवसानं रात्रभर झोपलो. "पंपाची सवय लागते" म्हणणाऱ्या काकाले आता काही बोलत नाही.

धुताना एक चूक केली, दुपट्ट्यानं घसाघसा पुसला. तसं केलं की प्लास्टिकमध्ये करंट धरते अन् औषध भिंतीलेच चिकटते, साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवाचा. एक स्टार कापला तो साइजसाठी, डिकीत मावते, खिशात नाही, थ्रेशरवरचे पोट्टे विचारतात, "काय बे, चिलीम घेतली का?"