नवा क्वार्टरबॅक: लगेच मैदानात की वर्षभर बाकावर?

कॉलेजात गाजलेला क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, हे बरंचसं त्याला कधी उतरवता यावर ठरतं.

चुका: पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला. २८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास), १६ पैकी १३ सामने हरले. पण शिकला त्यातूनच. पॅट्रिक महोम्स पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये, एकच सामना खेळला, पुढच्या हंगामात ५० टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास!

मार: खरा धोका हाच. २००२ मध्ये डेव्हिड कारला ७६ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं. लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) कच्ची असली की रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा होण्याआधीच चेंडू फेकायची घाई अंगात मुरते.

पैसा: बसवलं की पहिल्या करारातलं एक स्वस्त वर्ष गेलं.

लाइन भक्कम असेल आणि खेळाडू प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी वाचून दुसरा-तिसरा रिसीव्हर शोधणारा असेल, तर लगेच उतरवा. पहिल्याच रिसीव्हरवर नजर खिळवणाऱ्याला अनुभवी क्वार्टरबॅकमागे बसवा.