‘बाई, नाही म्हणा’

गोव्यात डिचोलीला माझ्या घरच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांपैकी तो एक. पाचवीपासून दहावीपर्यंत, सहा वर्षं. शुद्धलेखन कच्चं, पण जीभ अशी गोड की एखादं काम टाळायचं असलं तरी समोरच्यालाच आपली चूक झाल्यासारखं वाटावं. पुढे तो विमा एजंट झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची आई मला अजून देवळात भेटते, आणि तिचा यात काही दोष नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला. ह्यांचं तेव्हा वय ६८, माझं ६४. आमची २०१२ पासूनची एका सरकारी कंपनीची तीन लाखांची आरोग्य विम्याची पॉलिसी होती. दर नोव्हेंबरच्या १४ तारखेला मुदत संपायची, त्याआधी मी चेक भरायचे. हप्ता वाढत वाढत ३१ हजारांवर गेला होता. एवढे भरतो आणि कधी एक पैसा मागितला नाही, म्हणून मी जरा कुरकुरत होते. हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

“बाई, तीन लाखांत आज काय होतंय? पाच लाखांची करून देतो. जुनी पॉलिसी पोर्ट करतो, म्हणजे तुमची बारा वर्षं तशीच पुढे जातील. बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात लाइनीत उभं राहायला नको, म्हापशात पाहिजे त्या हॉस्पिटलात कॅशलेस. आणि वरून लाँग टर्म केअर. घरी माणूस ठेवलात तरी खर्च मिळतो, अमेरिकेसारखा.”

माझी बहीण न्यू जर्सीत असते, हे त्याला ठाऊक होतं.

हप्ता ४६ हजार ४००, त्यात १८ टक्के जीएसटी. मी म्हटलं, ह्यांना शुगर आहे, अकरा वर्षं गोळी चालू आहे, बीपीचीही आहे. तो हसला. “बाई, भियेंव नाकात, घाबरू नका. पोर्टात ते सगळं येतं.”

त्याने मोबाइलवर फॉर्म भरला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीत जाळायच्या नरकासुराचा सांगाडा उभा केला होता आणि डीजे इतका मोठ्याने लावला होता की कपाटातल्या काचा थरथरत होत्या. माझ्या फोनवर ओटीपी आला, तो मी त्याला वाचून दाखवला. मग कंपनीचा फोन आला. पलीकडची मुलगी हिंदीत भराभर विचारत होती. पत्ता, जन्मतारीख, नॉमिनी. मग विचारलं, डायबिटीज, ब्लड प्रेशर, हार्ट, कुछ है? मी म्हटलं, “इनको शुगर...” तेवढ्यात तो माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, “बाई, नाही म्हणा. पोर्ट आहे, परत सांगितलं तर सिस्टीम अडकते.”

मी म्हटलं, “नहीं है.”

चाळीस वर्षं मुलांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ सांगणारी मी.

आता पोर्ट या शब्दाचं. आपण मोबाइलचा नंबर पोर्ट करतो तसंच विम्याचं असतं. एका कंपनीतून दुसरीत जाताना जुन्या पॉलिसीखाली भोगलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांना विमा लागू होण्याआधी थांबायचा काळ, आपल्याबरोबर येतो. पण त्यासाठी मुदत संपायच्या निदान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे तसा अर्ज करावा लागतो. तो आला तेव्हा आमच्या हातात वीस दिवसही नव्हते. त्याने पोर्टचा अर्ज केलाच नाही. सरळ नवी पॉलिसी काढली आणि जुनी मुदत संपून आपोआप मेली. नव्या धंद्यावर एजंटला जास्त सुटतं, असं याच व्यवसायातल्या एकाने मला नंतर सांगितलं. जास्त म्हणजे किती, ते विचारायची इच्छा उरली नव्हती.

त्या बारा वर्षांची किंमत काय, ते मला फार उशिरा कळलं. विम्यात ‘प्री-एक्झिस्टिंग’ म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार चालू असलेला आजार. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. एप्रिल २०२४ पर्यंत चार वर्षं लावता यायची. दुसरा शब्द ‘मोरेटोरियम’. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की पुढे कंपनी ‘तुम्ही अमुक लपवलंत’ म्हणून क्लेम नाकारू शकत नाही, उघड लबाडी सिद्ध केली तरच. हीच मुदत आधी आठ वर्षांची होती. आम्ही जुन्या पॉलिसीत हे दोन्ही उंबरे कधीच ओलांडले होते. ती सगळी पुण्याई एका ओटीपीत गेली.

आणि पॉलिसीचे कागद? नवी पॉलिसी पसंत नसेल तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आमची पीडीएफ ई-मेलवर आली, आणि फॉर्ममध्ये ई-मेल त्याने स्वतःचा घातला होता. मी दोनदा विचारलं. “येईल बाई, छापून आणून देतो.” जानेवारीत पिशवीत घालून आणून दिली. ३४ पानं. मी ती पिशवीसकट कपाटात ठेवली, देवाच्या पोथ्यांशेजारी.

२०२५ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी हे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट, बांधायला स्टुलावर चढले. सुपारीचा घोस बांधून झाला, नारळ बांधायला हात वर करताना स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही म्हापशाला एका खासगी हॉस्पिटलात गेलो. आमच्याकडे राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, २०१६ ला योजना सुरू झाली तेव्हाच केलेलं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख. पण ‘आता कशाला’ म्हणून नूतनीकरण केलं नव्हतं. तेही त्याच्याच सांगण्यावरून. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं वेगळं कार्ड मिळतं, ह्यांना ६९ चालू होतं. वर्षाने हुकलं.

कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरावं असा, अर्ज गेला. नियमाने तासाभरात उत्तर यायला हवं, ते आलंही. नामंजूर. अॅडमिशनच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, मधुमेह, अकरा वर्षं. फॉर्मवर होतं, नाही. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा नवीन घातला, सहा दिवस राहिलो, आणि बिल ३ लाख २० हजार आम्ही मुदत ठेव मोडून भरलं.

त्याला फोन केला. पहिले दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, तुम्हीच तर नाही म्हटलंत.”

या एका वाक्यावर मी पुढचा दीड महिना भांडले. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. जुन्या पॉलिसीची बारा वर्षांची झेरॉक्स जोडली, त्यात शुगर लिहिलेली होती. लपवायचं असतं तर तिथे कशाला लिहिलं असतं? अपघातात हाड मोडलं त्याचा शुगरशी काय संबंध, हेही विचारलं. पहिलं उत्तर आलं नकाराचं, वर सांधेरोपणाला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे म्हणून एक नवीनच कारण. तेव्हा मी ती पिशवी काढली आणि ३४ पानं पेन्सिल घेऊन वाचली. सांधेरोपण, मोतीबिंदू, हर्निया यांना प्रतीक्षा आहे खरी, पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी लिहिलेलं की अपघातामुळे उपचार लागले तर ती लागू नाही. ती ओळ अधोरेखित करून पाठवली. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार टाकली. आणि एक मागणी केली. त्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग द्या.

रेकॉर्डिंग द्यायला त्यांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी ऐकवलं. डीजेचा धडधडाट, माझं “इनको शुगर”, मग मधे एक आवाज, “बाई, नाही म्हणा”. माझं “नहीं है” त्याच्यानंतर येतं. ह्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “नरकासुराने वाचवलं म्हणायचं.” डीजे नसता तर तो एवढ्या मोठ्याने बोललाच नसता.

दिवाळी उलटल्यावर क्लेम मंजूर झाला. विमा लोकपालाकडे जायचा अर्ज मी तोवर लिहून ठेवला होता. त्याला फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.

मंजूर झाला म्हणजे सगळे मिळाले असं नाही. मिळाले १ लाख ८४ हजार. हा हिशेब मी चारदा मांडला तेव्हा पटला. पॉलिसीत खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. आम्ही घेतली आठ हजारांची, कारण पाचची रिकामी नव्हती. मला वाटलं, वरचे तीन हजार गुणिले सहा, १८ हजार आपले. तसं नसतं. पाचाला आठ हे जे प्रमाण, त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं कापलं जातं. १ लाख ६० हजारांचे १ लाख धरले. औषधं, तपासण्या आणि नवीन सांधा यांना ही कात्री लागत नाही, ते १ लाख पूर्ण धरले. हातमोजे, किट वगैरे १२ हजार गेलेच. खोलीचे सहा दिवसांचे ३० हजार धरून उरले २ लाख ३० हजार, त्यावर वीस टक्के को-पे, म्हणजे आणखी ४६ हजार आमचे. को-पे हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता. आठ हजारांच्या खोलीला होय म्हणताना कुणी मला हे सांगितलं असतं तर मी ह्यांना जनरल वॉर्डात ठेवलं असतं आणि पंखा घरून नेला असता.

आता ते लाँग टर्म केअर. घरी आल्यावर ह्यांना उठवायला, संडासला न्यायला, आंघोळ घालायला माणूस लागला. दिवसाला ९०० रुपये, ७५ दिवस, साडेसदुसष्ट हजार. पावत्या जपून ठेवल्या आणि पाठवल्या. उत्तर दोन ओळींचं होतं. अटेंडंटचा खर्च पॉलिसीत येत नाही.

पॉलिसीत शब्द होता ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’. त्याने तोच बोटाने दाखवला होता. त्याचा अर्थ, रुग्णाला हॉस्पिटलात हलवणं शक्य नाही किंवा खाट मिळत नाही, म्हणून हॉस्पिटलातलाच उपचार डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी घेणं, आणि तोही ठरावीक दिवसांच्या वर चालला तर. म्हातारपणी कुणीतरी हाताला धरून न्हाणीपर्यंत न्यावं, हा उपचार नव्हे. बहिणीला फोन केला तर ती हसायलाच लागली. तिच्याकडे खरी लाँग टर्म केअरची वेगळी पॉलिसी आहे. आंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, मलमूत्रावर ताबा आणि खाटेवरून खुर्चीत बसणं, या सहांपैकी दोन गोष्टी आपल्या आपण जमेनाशा झाल्या की ती चालू होते, आणि तिच्या पॉलिसीत पहिले ९० दिवस खर्च आपलाच. तिथल्या सरकारी मेडिकेअरमध्येही नुसती देखभाल बसत नाही, म्हणून लोक ही वेगळी घेतात. ती म्हणाली, “अगं, आपल्याकडे मेडिक्लेममध्ये हे कोण देतंय?” मी बहिणीला हे आधी विचारलं नाही, कारण शिकवणीतल्या पोरावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

जानेवारी २०२४ पासून कंपनीला प्रत्येक पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतलं एक माहितीपत्रक द्यावं लागतं. प्रतीक्षा, को-पे, खोलीची मर्यादा, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात असतं, आणि मागितलं तर ते मराठीतही मिळतं. माझ्या पिशवीत ते होतं. पान २९ नंतर, इंग्रजीत. पहिलं हवं ते शेवटी.

नोव्हेंबरमध्ये नूतनीकरण आलं. सोडावी तर ह्या वयात पुन्हा शून्यापासून, म्हणून ठेवली. शुगर आणि बीपी आता पॉलिसीत नोंदवली आहेत. त्यासाठी हप्ता थोडा चढला, पण सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेल्यामुळे जवळपास तेवढाच पडला. फॉर्म या वेळी मी स्वतः भरला, चष्मा लावून, दुपारी, दारं लावून. ई-मेल मुलीचा.

पॉलिसीवर एजंट म्हणून त्याचंच नाव होतं, त्यामुळे त्याला आठवण गेली असावी. व्हॉट्सअॅप आला, “बाई रिनिवल करूया, काका बरे हायत ना?” मी लिहिलं, ये. येताना कोरा कागद घेऊन ये. तू दिवाळीला जे जे बोललास ते पोर्टपासून लाँग टर्म केअरपर्यंत एकेका ओळीत लिही आणि खाली सही कर, मग मी चेक तुझ्या हातात देते.

दोन निळ्या खुणा उमटल्या. तो आला नाही.