आयपीओचे शेअर: कॅश खातं की मार्जिन खातं?

अमेरिकेत तुमचं मार्जिन खातं (ब्रोकरकडून उधार घेऊन शेअर घेता येणारं) असेल आणि आयपीओचे शेअर अर्ध्या उधारीवर घेऊ असा बेत असेल, तर आधी १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्याचं कलम ११(डी) बघा. जो ब्रोकर त्या इश्यूच्या विक्री-गटात, म्हणजे तो इश्यू विकणाऱ्या ब्रोकरांच्या गटात आहे, त्याला ३० दिवस त्या शेअरवर ग्राहकाला कर्ज देता येत नाही. आपलाच माल खपवायचा आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला पैसेही आपणच उसने द्यायचे, हा उद्योग थांबवायचा होता.

त्यामुळे वाटपातून शेअर मिळणार असतील तर खातं कुठलंही असो, त्या शेअरवर उधारी नाही. (म्युच्युअल फंडाची ताजी युनिट्सही याच ३० दिवसांत अडकतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.) कॅश खात्यात, म्हणजे फक्त स्वतःच्या पैशांनी खरेदीच्या खात्यात, एक पथ्य मात्र पाळा. पैसे भरण्याआधीच शेअर विकून त्या रकमेतून खरेदी भागवली, तर रेग्युलेशन टी (ब्रोकरच्या उधारीवरचा अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा नियम) नुसार खातं ९० दिवस गोठतं. त्या काळात आधी पूर्ण पैसे, मगच खरेदी.

खरा फरक पडतो लिस्टिंगनंतर, विक्री-गटाबाहेरच्या ब्रोकरमार्फत बाजारातून घेताना. तिथे रेग्युलेशन टी ५० टक्के उधारी देऊ देतं. १०,००० डॉलरच्या शेअरमध्ये ५,००० तुमचे, ५,००० ब्रोकरचे. ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिन्रा या संस्थेची किमान अट अशी, की मूल्यातला २५ टक्के वाटा तुमचा हवा, म्हणजे मूल्य ६,६६७ च्या खाली गेलं की मार्जिन कॉल, आणखी पैसे भरा असा ब्रोकरचा तगादा. पण नव्या शेअरला ब्रोकर स्वतःची अट कडक ठेवू शकतो. ती ४० टक्के असेल तर ८,३३३ लाच फोन येतो, आणि न कळवता शेअर विकायचा हक्कही त्याला असतो.

फेसबुक मे २०१२ मध्ये ३८ डॉलरला आला, सप्टेंबरात १८ च्या खाली गेला. रोखीने घेणारा थांबू शकला. अर्ध्या उधारीवाल्याला २५ टक्क्यांच्या अटीवरही २५.३३ डॉलरखाली आणखी पैसे ओतावे लागले असते, तेही वर व्याज भरून.

माझं मत कॅश खात्याकडे झुकतं. मार्जिनच हवं असेल तर रोखीने घेतलेले शेअर ३० दिवसांनी तारण ठेवता येतात का, आणि त्यावर ब्रोकरची अट किती टक्क्यांची, हे खरेदीआधी लेखी विचारून घ्या.